तागगिरणीतले ओठ

हुगळीकाठच्या त्या तागगिरणीत झाडून सगळे साहेब स्कॉटलंडच्या डंडी गावचे. गावच्याच माणसाने धडधडीत खोटं सांगावं, याने एफीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिचा नवरा डेव्ही कारगिल ताग चेपून मऊ करणाऱ्या रुळांच्या यंत्रावर देखरेख करायचा. दारू पिऊन नदीत पडला, असं मॅनेजर गोर्ले सांगत सुटला होता. शवपेटीही त्याने उघडू दिली नाही. डेव्हीने जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं, आणि आता बेवडा म्हणून त्याचं नाव राहणार होतं.

भर दुपारी ती गिरणीत शिरली. माग धडधडत होते, तागाला चोळलेल्या माशाच्या तेलाचा वास नाकात बसत होता. लग्नाआधी तिनेही डंडीत माग चालवला होता. तिथल्या बायका त्या गोंगाटात आवाज काढतच नाहीत. नुसते ओठ हलवायचे, समोरचीने वाचायचे. डेव्हीला ते तिनेच शिकवलं होतं. गोर्ले पडला बँकवाल्याचा मुलगा. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे.

पहिल्या मागावरच्या बिहारी विणकराचे ओठ हलले. एफी जागीच थबकली. तो डंडीची बोली बोलत होता.

"एफे, मी प्यालो नव्हतो गं."

पलीकडच्या मागावरच्याचे ओठ पुढचं बोलले. "रुळात अडकलेला ताग काढत होतो."

हात कामात, डोळे धाग्यावर. आपले ओठ हलताहेत हे कुणाच्या गावीही नव्हतं. त्या रुळांत सापडून मजूर मरत तेव्हा साहेबांच्या बंगल्यांत कुणी साधी चौकशी करत नसे. एफीनेही कधी केली नव्हती.

गोर्ले धावत आला आणि तिला दंडाला धरून अंगणात घेऊन गेला.

"उन्हाने डोकं फिरलंय तुमचं, मिसेस कारगिल. उद्या बोट आहे. गपगुमान घरी जा."

"यंत्र का थांबवलं नाहीत, गोर्लेसाहेब?"

"कसलं यंत्र? तो नदीत पडला."

एवढं बोलून तो गप्प झाला. त्याचे ओठ मात्र गप्प झाले नाहीत.

"यंत्र थांबवू नका म्हणाला हा, एफे. माझ्याकडे बघत म्हणाला."

व्हरांड्यात चहा पीत बसलेले साहेब एकेक करून उभे राहिले. त्या सगळ्यांच्या आया मागावर राबलेल्या होत्या. सगळे वाचत होते.

गोर्लेने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

त्याच्या बोटांखाली ओठ हलतच राहिले.