बिरजूच्या पुढे

सन चोपन्नची गोष्ट. घुग्घुसकडच्या एका खाणीत मी छताला लाकडी टेकू लावायचो. त्या सकाळी खाणीच्या मॅनेजर इव्हान्ससाहेबासोबत जुन्या बोगद्यातले टेकू तपासायला उतरलो, एवढंच काम. बायकोला सातवा महिना होता, म्हणून भाकर मीच बांधून घेतली होती.

साहेबाला कुणी इंग्रज म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. तो वेल्सचा. त्याच्या पूर्वजांना परक्यांनी सुपीक जमिनीवरून डोंगरात हाकललं म्हणे. हाती राहिले ते उभे दगड आणि नावं. ज्याला आपल्या नऊ पिढ्या सांगता येतात तो घरचा, बाकी सारे उपरे, असा त्यांचा जुना कायदा. आम्ही गोंडही मेलेल्यांचे दगड उभे करतो, म्हणून त्याचा माझ्यावर जीव.

दुपारी छत बसलं. वाट बंद झाली. दिवा विझला, साहेबाचे पाय दगडाखाली. ओल्या कोळशाचा वास छातीत भरला. डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते बोटानं चाचपून पाहावं लागे.

साहेब एकेक नाव पुटपुटू लागला. त्याच्या नऊ पिढ्या झाल्या. मग म्हणाला, "इसरू, अब तुम..."

"माहा बाप लालसू. त्याचा बाप डोमा... त्याचा चैतू. त्याच्या मांगचं मले नाई येत, साहेब."

"बोलो..." म्हणाला, आणि गप्प झाला. मी हात धरला, तो गार पडत चालला होता. मी मोठ्यानं रडलो.

मग त्याच्याच बाजूनं आवाज आला. गोंडीत. साहेबाला गोंडीचा एक शब्द येत नव्हता. मी कधी न ऐकलेली पाच नावं, मग चैतू, डोमा, लालसू. मग "इसरू".

"बिरजू," आवाज म्हणाला. नंतर काही नाही.

दुसऱ्या दिवशी मला बाहेर काढलं. आमच्या पिढ्या गाणाऱ्या परधानाला मी ती पाच नावं म्हणून दाखवली. त्याच्या हातातलं वाद्य थांबलं. "तुले कोनं सांगतलं गा, इसरू?"

मुलगा झाला. त्याचं नाव मी मुद्दाम मुखरू ठेवलं. बिरजू हे नाव बायकोपाशीसुद्धा काढलं नाही.

काल तो कोठीतल्या अंधारात एकटाच खेळत होता. चार वर्षांचं पोर. जमिनीवर कोळशाचे दहा खडे ओळीनं उभे केले होते. शेवटच्या खड्यावर त्यानं बोट ठेवलं.

"हा बिरजू."

"अन्... त्याच्या समोर?"

"समोर कोनीच नाई, बाबा."