बर्फाच्या समुद्रातली मरळ

पडेगावहून येणाऱ्या शेअर रिक्षात तनुजाच्या ओढणीत जिवंत मरळ येऊन पडली, तेव्हा शहराच्या पाट्यांवर अजून जुनंच नाव होतं. मरळ उडाली म्हणजे किती उडाली… ड्रायव्हरच्या खांद्यावरून, शेजारच्या मावशींच्या मेथीवरून, वाटेत आरशात स्वतःला बघून घेत! माशांची बादली धरून बसलेला पोरगा कसनुसा हसला.

"घाबरू नका मॅडम, ती चावत नाय."

"आणि तुम्ही?"

"मी पण नाय."

तासाभरात तोच पोरगा, तीच बादली घेऊन तिच्या प्रयोगशाळेच्या दारात. पिशोरचा सम्यक, नवा सहायक. मराठवाड्यातल्या नद्या-धरणांतले मासे गोळा करायचे, जनुकांच्या तपासणीसाठी प्रत्येकाच्या पराचा तुकडा बाटलीत जपायचा, मासा सापडला तिथले अक्षांश-रेखांश भरायचे, हे त्याचं काम. जगात कुणालाही इथला मासा घरबसल्या बघता यावा म्हणून ते सगळं इंटरनेटवरच्या डेटाबेसमध्ये बसवायचं, हे तनुजाचं.

थंडीत तिनं पहिल्यांदा डेटाबेसमधला नकाशा उघडला आणि चहा नाकात गेला. शिवनेचे, गोदावरीचे, नाथसागराचे झाडून सारे मासे नॉर्वेच्याही वर, बर्फाच्या समुद्रात पोहत होते.

"सम्यक, तुमची मरळ पांढऱ्या अस्वलांच्या शेजारी राहायला गेली."

"लई गार असंल तिथं… स्वेटर द्यायचा राहिला," तो म्हणाला. कान मात्र लालभडक.

चूक तिला एका नजरेत कळली होती. अक्षांशाच्या रकान्यात रेखांश, रेखांशाच्या रकान्यात अक्षांश. अदलाबदल केली की चहा निवायच्या आत मासे घरी. पण ती उठली, सुतकी चेहरा केला आणि प्रयोगशाळेचे प्रमुख श्रीनिवास सर यांच्यापुढं उभी राहिली.

"सर, आकड्यांचा भरवसा नाही. प्रत्येक जागी परत जाऊन मोजावं लागेल. दोघांनी."

"दोघांनी कशाला?"

"एक मोजणार… एक तपासणार."

मग ती दोघं मोटारसायकलवर हिंडली. आज लोक तो डेटाबेस उघडतात तेव्हा त्यांना नकाशावर ठिपके दिसतात, ठिपक्याखाली मासे. तनुजाला लासूर स्टेशनची गरम भजी दिसतात. शिवनेच्या निसरड्या काठावर पुढं आलेला हात दिसतो… आणि काठ सपाट झाल्यावरही तो सोडायचा विसरलेली ती स्वतः.

अशातच सम्यकला कोचीहून नोकरीचा मेल आला. समुद्री माशांच्या जनुकांचं काम. याच कामासाठी तो शिकला होता. पण होकार कळवायचा शेवटचा दिवस उजाडला तरी त्यानं उत्तर धाडलं नव्हतं.

त्या दुपारी शेवटची जागा होती कायगाव. गोदावरीत पाय सोडून दोघं बसली.

"सम्यक, खरं सांगू? हे हिंडणं लागतच नव्हतं. नुसते रकाने बदलले असते तरी…"

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"नकाशा बघितला त्याच दिवशी कळलं. दुरुस्तच करणार होतो. तेवढ्यात तुम्ही सरांना 'दोघांनी' म्हणालात." तो पाण्याकडं बघत होता. "मग म्हटलं, राहू दे."

ती हसली, पण हसू पुरतं उमटलं नाही. जा म्हटलं तर हा जाणार. नको म्हटलं तर राहणार, आणि एवढा अभ्यास इथल्या बादलीत घुसमटणार.

"कोचीला काय कळवू, मॅडम?" त्यानं विचारलं. "तुम्ही सांगाल ते."

"आधी ते मॅडम बंद कर."

"बरं… तनुजा. काय कळवू?"

"हो म्हण." त्याचा चेहरा उतरला, तो तिनं क्षणभर डोळे भरून बघून घेतला. "पण खोली बघशील ती दोघांपुरती बघ. घरी मी बोलते."

सम्यकनं खिशातून फोन काढला. हात ओलेच. अक्षर म्हणून उमटेना. शेवटी फोन तनुजानंच घेतला, ओढणीला पुसला आणि त्याच्या वतीनं होकार टाइप केला.