सरळ केलेले खांदे

"मावशी, तुझ्या मांटाचे खांदे बदललेत!" खारूताई संग्रहालयाच्या दारातूनच ओरडली.

मांटा म्हणजे पंखांसारखे पर पसरून पोहणारा प्रचंड मासा. गेल्या आठवड्यात एक मेलेला मांटा जाळ्यात आला, तेव्हा सुट्टीला आलेली खारूताई आणि तिचा भाऊ भोपळ्या संशोधक मावशीसोबत धक्क्यावरच होते. ओळखीच्या जातीत खांद्यांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांची पुढची कड तोंडाला समांतर, सरळ असते. याची कड मागे तिरपी उतरत होती. "कदाचित नवी जात!" मावशी पुटपुटली. तिने मांसाचा तुकडा बरणीत घेतला; फोटो मात्र संग्रहालयात निवांत काढू, असं ठरवलं. विद्वानांच्याही हातून अशी चूक होते.

आता पेंढा भरलेल्या मांटाचे पट्टे पट्टीने आखल्यासारखे सरळ होते, आणि फलकावर जुन्याच जातीचं नाव होतं.

"धक्क्यावर उन्हात भास होतात, मॅडम," संचालक गोड हसले. "पुस्तक बघा, मासा बघा. तंतोतंत!"

भोपळ्याने पट्ट्याला नाक लावलं. "ताई, ताज्या रंगाचा वास!"

"चूप! आता गंमत बघ." खारूताई कोपऱ्यात ब्रश धुणाऱ्या संग्रहालयाच्या रंगारीकाकांकडे वळली. "काका, काय सफाई आहे हो हाताला! आधी फारच ओबडधोबड असेल ना?"

काका फुलले. "अगं, विचारूच नकोस! पट्टे पार तिरके! साहेबांनी पुस्तक दिलं, मी सरळ केले. हा बघ आधीचा फोटो!"

मोबाइलवर तिरपी कड लख्ख दिसत होती!

"शाब्बास, पोरांनो! अशीच शोधक नजर हवी!" संचालक म्हणाले. ज्यांनी पुस्तकाबरहुकूम मासा रंगवून घेतला, त्यांनीच सत्यशोधनाबद्दल मुलांची पाठ थोपटली.

"गुणाची गं माझी पोरं!" मावशीने दोघांना जवळ घेतलं. "पण नुसत्या फोटोवरून नवी जात ठरत नाही. कातडीवर तर रसायनं चढली, ती तपासून काही कळणार नाही. आता बरणीतला तुकडा तपासायला पाठवते."

काका चाचरले. "कपाटातली बरणी? ती... साहेब म्हणाले, पाहुणे यायच्या आत वास घालवा. परवाच फेकली."



"पण आपण जिंकलो ना, मावशी?" भोपळ्याने हळूच विचारलं.

"जिंकलो रे, राजा."

मावशीने फलक उतरवला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं : 'जात माहीत नाही. माहीत करून घेता आली असती.'