पंख्यामागचा दोरा

त्र्याऐंशी साली पाऊस कमी पडला. नळदुर्गजवळच्या आमच्या धरणाचं पाणी इतकं मागं सरलं, की बुडालेल्या बाभळींची खोडं वर आली. मी काठावर जाळं सांधत बसले होते. तेवढ्यात आमची नाव आली, पण वल्ह्यांवर. मोटार गप्प होती.

मच्छीमार संस्थेची ती एकुलती एक मोटार. माझे वडील, आबा, हायवेवरच्या गॅरेजातून मिस्त्री घेऊन आले. महारुद्र त्याचं नाव. परंड्याकडचा, आमच्याच भोई समाजातला. पण बाप ड्रायव्हर झाला आणि यानं हातात पाने धरले.

“ट्रकचा मिस्त्री नावंला काय करनार?” मी पुटपुटले.

त्यानं ऐकलं. “नाव बी चालतीच की... फकस्त ब्रेक न्हाय तिला.”

मी जाळ्यात तोंड घालून हसले.

त्यानं मोटार पोत्यावर आडवी केली. पाण्यात बुडतो त्या खालच्या भागाचा स्क्रू काढला, तर आतलं तेल ताकासारखं पांढरं. “पाणी शिरलंय,” तो म्हणाला. मग पाणी कापत नाव ढकलणारा पंखा उतरवला. पंख्यामागं दांड्याला दोरा करकचून गुंडाळला गेला होता, त्या दोऱ्यानं पाणी अडवणारं रबरी सील कापलं होतं. महारुद्रनं दोरा वर धरला. निळा. माझ्या मांडीवरच्या जाळ्यात तसलाच. सांधताना कापलेले तुकडे मीच पाण्यात टाकायची.

“कुणाचा म्हनायचा ह्यो?” त्यानं हळूच विचारलं.

“...माझा.” माझे कान तापले.

तो आबांकडे वळला. “खोडाला अडकलेल्या जाळ्याचा दोरा हाय, आबा.” माझं नाव काही घेतलं नाही.

चार दिवसांनी सोलापूरहून सील आलं. ते बसवून तो खालच्या भोकातून तेल भरू लागला.

“उलटं भरता व्हय, मिस्त्री?” मी विचारलं.

“वरनं भरलं तर हवा कोंडती. खालनं सावकाश भरायचं... मंग आपसूक वर येतं.” बोलताना त्याचं लक्ष तेलाकडे नव्हतं. वरच्या भोकातून तेल ओघळून पोत्यावर सांडलं, तेव्हा कुठं तो भानावर आला.

मोटार चालली. आबा खूश झाले. जाताना तो म्हणाला, “येत्या सोमवारी सोलापूरला चाललो, आबा. मोठ्या गॅरेजात काम मिळालंय.”

माझ्या हातातली कात्री थांबली.

रविवारी सकाळी आबा चहा पीत होते, तोवर मी नावेवर गेले. निळा दोरा घेतला आणि पंख्यामागं गुंडाळला. सैल... सीलला धक्का लागू नये म्हणून. मग आबांना सांगितलं, “पंख्यामागं दोरा दिसतोय. चालवू नका, मिस्त्रीला बोलवा.”

तो आला. पंखा उतरवला आणि बघतच राहिला.

“काय झालं?” आबांनी विचारलं.

“दोराच हाय, आबा. सील शाबूत हाय.” त्यानं तो खिशात घातला.

आबा जाळी आणायला गेले. तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला.

“धुरपता, पान्यातला दोरा गाठ मारत न्हाय.”

मी मान खाली घातली. गुंडाळून झाल्यावर हातानं सवयीनं जाळ्याची गाठ मारली होती आणि मला कळलंही नव्हतं.

“एवढा कुटाना कशाला? जाऊ नका, एवढंच म्हनायचं की.”

पाणी अगदी शांत होतं. पार लांब एक बगळा उभा होता.

“मग... नका जाऊ.”

तो कितीतरी वेळ फडक्यानं हात पुसत राहिला. मग उठला आणि गेला.

सोमवारी सोलापूरची एसटी हायवेवरून गेली. मी काठावरून बघत राहिले. तो आत होता की नव्हता, इतक्या लांबून काय दिसणार?

गुरुवारी तो धरणाच्या वाटेनं आला. हातात पान्यांची पिशवी नव्हती. बरोबर डोक्यावर पदर घेतलेली एक बाई होती, तिच्या हातात नारळ.

“मिस्त्री,” आबा गोंधळले, “मोटार तर झ्याक चाललीया!”

त्याची आई हसली. तिनं कनवटीचा निळा दोरा काढून माझ्या हातावर ठेवला. गाठ तशीच होती.