तारेचं दुसरं टोक

राहू दे तो दिवा बंद. ऐका. आपल्या धायरीतच, मागच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात त्या जयावहिनी. त्यांच्या घरात घडलेलं आहे हे. मागच्या मार्गशीर्षातली अमावास्या. शुक्रवार होता.

दुपारी वहिनी विश्रांतवाडीला निघाल्या, एक पत्र्याचा मोठा डबा पोचवायला. नवरा दशरथ जाऊन तीन महिने झाले होते. झोपेतच हार्ट अटॅक. त्याला समुद्रात गळ टाकायचा भारी नाद. सहा वर्षं दर शुक्रवारी रात्री तो तारा बांधायला बसायचा आणि शनिवारी पहाटे कोकणात म्हणून निघायचा. सुरमईचे दात म्हणजे करवत. नायलॉनची दोरी एका झटक्यात तुटते. म्हणून गळ आणि दोरी यांच्यामध्ये हातभर पोलादी तार लागते. तिच्या टोकाला फासा करायचा, पीळ घालायचा, वर घट्ट वेढे घ्यायचे. तसं एकट्यालाही जमतं ते. पण दशरथ म्हणायचा, "जया, टोक धर." मग वहिनी पकडीत फासा धरून बसायच्या. तार निसटली की बोट कापायचं. तरी बसायच्या. आठवड्याभरात दोघं एकमेकांसमोर निवांत बसायची ती तेवढीच.

डबा द्यायचा होता बाबुरावांना. दशरथचे कंपनीतले दोस्त, त्याला हा नाद लावणारे तेच. त्यांनी डबा उघडला. आत तारांच्या पुड्याच पुड्या, प्रत्येकीवर वहिनींच्या अक्षरात तारीख. बाबुरावांनी चार-पाच तारा खिडकीपाशी धरून पाहिल्या आणि मान हलवली.

"काय झालं, भाऊजी?"

"वहिनी, मासा लागला की तार वाकते. मग कितीही ओढा, सरळ होत नाही. खाऱ्या पाण्यानं काळवंडते ती वेगळीच." त्यांनी हातातली तार पुढे केली. "यातली एकही पाण्यात गेलेली नाही."

"म्हणजे? तुम्ही दोघं तर बरोबरच..."

"मी जायचो. तो पहिल्यांदा आला तेवढाच. बोटीत उलट्या झाल्या, परत कधी आला नाही."

"मग शनिवारी हे जायचे कुठे?"

बाबुराव तारा परत पुडीत घालू लागले. उत्तर दिलं ते त्यांच्या बायकोनं, चहाचे कप ठेवता ठेवता.

"नाशिकला घर होतं ना त्यांचं दुसरं. आम्हाला वाटलं, तुम्हाला कल्पना असेल. सगळ्यांनाच होती."

वहिनींनी चहा घेतला नाही. डबा तिथेच ठेवून निघाल्या. बसमध्ये रडल्या नाहीत. बोटांवरचे व्रण तेवढे बघत बसल्या. त्या माणसाच्या खोटेपणाचं एक टोक सहा वर्षं आपणच धरून बसलो होतो, हे काही केल्या मनातून जाईना. घरी आल्या, दाराला साखळी लावली आणि न जेवता पडल्या.

रात्री एक वाजून दहा मिनिटं.

आवाजानं जाग आली. तार कापत नाहीत, टोक बोचतं. वाकवून वाकवून तोडतात. तोच आवाज.

पुढे, मागे. पुढे, मागे... टक्.

वहिनी उठल्या. हॉलमध्ये अंधार. टेबलापाशी कुणीतरी बसलेलं. पाठमोरं. शर्ट ओळखीचा. त्यातच नेलं होतं त्याला.

"जया, टोक धर."

सवय वाईट. पाय आपोआप पुढे गेले. हातही गेला. तार बोटांना लागली.

थंडगार.

"नाशिकला कोण धरायचं हो?"

पीळ थांबला.

"बोला ना. सहा वर्षं, अहो. सहा वर्षं मी इथे..."

तो वळला नाही. खांदे तेवढे खाली गेले.

"आज खरंच समुद्रावर चाललोय," तो म्हणाला. "एवढी एकदा धर."

वहिनींनी हात काढून घेतला.

"तुमचं तुम्ही बांधा."

तार सुटून फरशीवर पडल्याचा आवाज. खुर्ची सरकली.

दार वाजलं नाही. साखळी आतून तशीच.

टेबलावर काही नव्हतं. फरशीवरही नव्हतं.

उजाडेपर्यंत वहिनी तिथेच बसून होत्या. मग उठून हंड्यातल्या पाण्याचा चहा टाकला. पहिला घोट घेतला आणि थुंकला. समोरच्या बायडाबाईंना हाक मारली. म्हातारी इथली जुनी, शेतावरची. तिनं हंड्यातलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं.

"अगं जया, ह्ये तर खारं हाय!"

नळाचं पाणी गोडच होतं. सगळ्या बिल्डिंगचं गोड. बायडाबाईंनी हंडा ओतला, घासला, स्वतःच्या हातानं नळाखाली अर्धा भरला आणि वर झाकण ठेवलं.

दुपारी दोघींनी झाकण काढलं. पाणी काठाशी आलं होतं. पुन्हा खारं.

संध्याकाळी ओहोटी लागल्यासारखं ते वीतभर खाली गेलं, आणि हंड्याच्या आतल्या अंगाला ओल्या वाळूची एक रेघ राहिली.