शुक्रवारची हरकत

ब्रिटनच्या संसदेत बुधवारी पंतप्रधानांना प्रश्न विचारून धारेवर धरतात, ते सगळं जग बघतं. शुक्रवारी तिथे काय चालतं हे बघणारं माणूस अमिरातीतल्या अख्ख्या अल ऐन शहरात बहुधा एकच होतं, हाफिजा. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या एका शाळेत ती मोठ्या मुलांना राज्यशास्त्र शिकवायची. शुक्रवारी शाळा दुपारच्या नमाजाआधीच सुटते, म्हणून संध्याकाळी चहाच्या वेळी ती लॅपटॉपवर लंडनचं थेट प्रक्षेपण लावून बसायची.

शुक्रवार हा साध्या खासदारांचा. मंत्री नसलेल्यांची विधेयकं त्या दिवशी येतात. कामकाजाची वेळ संपली की उरलेल्या विधेयकांची नुसती नावं वाचतात. एक नाव, मग क्षणभर शांतता. तेवढ्यात कुठल्याही बाकावरून एक जरी आवाज आला, ‘ऑब्जेक्ट’, की विधेयक त्या दिवसापुरतं आडवं. कोण बोललं त्याचं नाव लिहीत नाहीत, कारण विचारत नाहीत. विचारतात ते एवढंच, की चर्चा पुढे कधी? मग विधेयकवाला बापडा पुढचा एखादा शुक्रवार सांगतो.

तिच्या नवऱ्याला, मुनीरला, हा प्रकार भलताच आवडला होता. मुनीर मूळचा दाभोळचा. एसी दुरुस्तीचं दुकान चालवणारा हा माणूस राजकारणाच्या वाटेला कधी गेला नव्हता. “नाव नको, कारण नको, नुसतं नाय म्हणायचं. गोरा साहेब हुशार हां,” तो म्हणाला आणि त्या दिवसापासून घरात तो कायदा लागू झाला. हाफिजाने नवा सोफा म्हटलं, की किचनमधून आवाज, “हरकत!” पडदे म्हटलं, तरी हरकत. ती सभापतीच्या थाटात विचारायची, “मग चर्चा पुढे कधी?” नियमाने तारीख तिने सांगायची, पण तीही हाच सांगायचा, “शुक्रवारी, इन्शाल्ला.”

सोफा आणि पडदे शेवटी आले. कायमचं दाभोळला परत जायचं, हे मात्र कधी मंजूर झालं नाही. “जाऊ की. तुझ्या नावाचा अख्खा डोंगर आहे इथे, त्याला सोडून कशाला जायचं?” असं म्हणून तो खिडकीतून जबल हफीतकडे बोट दाखवायचा.

दोन वर्षांपूर्वी मुनीर गेला. त्याला अल ऐनच्याच मातीत दफन केलं. आता हाफिजा निवृत्त होणार होती. धडपड केली तर राहायला व्हिसा मिळाला असता, पण मुलगी यम्ना पुण्याहून ‘परत ये’ म्हणून सारखी मागे लागली होती. जायचं तर मुनीरला इथे एकटं टाकून, आणि राहायचं तर रोज कुलूप उघडून मुक्या घरात शिरायचं. हाफिजाला दोन्ही नको होतं.

वर्ष संपताना तिने वर्गात लुटुपुटूची संसद भरवली. सिंधी कुणाल मंत्री झाला आणि उत्तरं टाळण्यात त्याने खऱ्या मंत्र्यांवर ताण केली. शेवटी उरलेल्या विधेयकांच्या नावांत लखनौच्या सबाने एक गुपचूप घुसवलं होतं, ‘हाफिजा मिसना आनंदाने घरी पाठवण्याचं विधेयक’. हाफिजाला हसू आलं. तिने ते वाचलं आणि नियमाप्रमाणे क्षणभर थांबली.

सगळ्या माना एकदम मागे वळल्या. मागचं बाक रिकामं होतं.

“मिस, दॅट वॉज क्रीपी,” कुणाल म्हणाला. “सम ओल्ड मॅन.”

“किसी ने ‘हरकत’ बोला, मिस,” सबा म्हणाली. “किसकी हरकत? क्या किया?”

उर्दूत हरकत म्हणजे आगळीक, खोडी. वर्ग हसला. हाफिजा हसली नाही. मराठीत हरकत म्हणजे विरोध, हे त्या वर्गात तिच्याशिवाय कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आणि तिला स्वतःला काहीही ऐकू आलं नव्हतं.

पोरांचा चावटपणा, असं मनाला समजावत ती घरी आली आणि तिने यम्नाला फोन लावला. “तिकीट काढ माझं. खलास, येते मी.”

यम्ना म्हणाली, “अम्मी, हू इज विथ यू?”

“कोण असणार?”

“आत्ता कोणीतरी ‘हरकत’ म्हणालं. एक्झॅक्टली लाइक अब्बा.”

हाफिजाला भीती वाटली नाही. तिला राग आला. शाळेतल्या पोरांना ऐकू येतो, पुण्यात ऐकू येतो, आणि मी इथे भिंतींना कान लावून बसलेय, तर मला का नाही? आठवडाभर तिने टीव्ही लावला नाही. जेवतानाही ती मधेच घास थांबवून ऐकायची. फ्रीज तेवढा गुरगुरायचा.

पुढच्या शुक्रवारी तिने यम्नाला बजावलं, “तू फक्त ऐक.” फोन स्पीकरवर टाकून हॉलमधल्या टेबलावर ठेवला. एसीसुद्धा बंद केला. बाहेर जबल हफीतच्या रस्त्यावरचे दिवे लागत होते.

“हाफिजाने घरी परत जाण्याचं विधेयक,” तिने मोठ्याने वाचलं.

ती थांबली. काही नाही.

“आला?”

“हो,” यम्ना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

“अब्बा?”

“हो.”

हाफिजाने कसंबसं विचारलं, “मग चर्चा पुढे कधी?”

“अम्मी, डोन्ट डू धिस. अशी मस्करी करतात?”

“काय केलं मी?”

“तूच म्हणालीस ना, अब्बांबरोबर. दोघं एकदम. ‘शुक्रवारी, इन्शाल्ला.’ अँड देन यू लाफ्ड.”

हाफिजा नुसता प्रश्न विचारून थांबली होती.

“यम्ना, मी हॉलमध्ये आहे. फोनपाशी.”

“नो. लांबून आला तुझा आवाज. किचनमधून.” मग अगदी हळू, “आता कपबश्या वाजतायत.”

हाफिजा उठून किचनच्या दारात गेली. गॅस बंद होता. ओटा कोरडा. कप जाळीत पालथे पडले होते. ती कान देऊन उभी राहिली. दोघांचा चहा चालला होता म्हणे, तिच्याच घरात, आणि तिला साधं बशीवर कप टेकल्याचंही ऐकू येत नव्हतं.

“काही नाही गं इथे,” ती म्हणाली. “कोणीच नाही.”

यम्ना पलीकडे काहीतरी ऐकत होती. मग परक्या माणसाशी बोलावं तसं तिने जपून विचारलं,

“अम्मी तर आत अब्बांशी बोलतेय. तुम्ही कोण बोलताय?”