मेंढ्या बसवलेला तुकडा

"मॅडम, विट्याच्या स्टँडसमोर पुन्हा बॅनर लागलंय. बघून या एकदा. मला नुसती उलटी व्हायची बाकी राहिलीय."

फोन अपेक्षाचा होता. साताऱ्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर असलेली ही बाई आठ वर्षं सांगलीच्या पोलिसांना फोन करत होती, आणि तिचा आवाज ऐकला की ठाण्यातले लोक साहेब बाहेर गेलेत म्हणून मोकळे व्हायचे. जुन्या, न सुटलेल्या फायली नुकत्याच एपीआय उत्कर्षाच्या गळ्यात पडल्या होत्या. त्यांतली सगळ्यात वरची अंजनाची.

उत्कर्षा तशीच विट्याला गेली. बॅनर होतंच. हात जोडलेल्या उमेदवार इंद्रजितचा फोटो दाराएवढा, आणि कोपऱ्यात त्याच्या हरवलेल्या बहिणीचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. 'अंजू, परत ये. भाऊ वाट बघतोय.' खाली शुभेच्छुक मित्रमंडळाची जत्रा. निवडणूक तोंडावर आली होती ना!

"शी!" उत्कर्षा मोठ्यानंच म्हणाली. शेजारचा केळीवाला दचकला.

फायलीत फारसं काही नव्हतं. आठ वर्षांपूर्वी बिरोबाच्या जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी अंजना शिंप्याकडे जाते म्हणून घरातून निघाली ती परतली नाही. इंद्रजितचं कोइमतूरला सोनं गाळायचं, म्हणजे गलाईचं दुकान. जत्रा उरकल्यावर तो गावी आला आणि त्यानंच तक्रार दिली. पुढं काही महिन्यांनी तोच सांगायला आला, की अंजूचा फोन आला होता, ती एका पोराबरोबर पळून गेलीय आणि सुखात आहे. पोलिसांनी मान डोलावली आणि फाईल बांधून ठेवली.

रविवारी उत्कर्षा साताऱ्याला गेली. तिथं भाड्याच्या खोलीत नीलिमा राहायची, एसटीत कंडक्टर. उत्कर्षाचा जीव त्या खोलीतच असायचा. घरमालकीण शालूबाईंना मात्र तिनं सांगून ठेवलं होतं, की नीलिमा माझी मावसबहीण. अपेक्षाला तिनं तिथंच बोलावलं.

"तुझं आणि अंजनाचं नातं काय?"

अपेक्षानं चहा ओतणाऱ्या नीलिमाकडे पाहिलं. "कॉलेजला एका खोलीवर होतो. मॅडम, तुम्हाला कळतंय."

"कळतंय. तरी तोंडानं सांग."

"प्रेम होतं. त्या दिवशी ती घर सोडून माझ्याकडे येणार होती. मी दिवसभर साताऱ्याच्या स्टँडवर बसून होते."

"पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं की. हवालदार फिदीफिदी हसला."

"तिच्या घरात कुणाला ठाऊक होतं?"

"ती म्हणाली होती, घरातलं एक माणूस आपल्या बाजूनं आहे, तेच गाडीला बसवून देणार आहे. नाव भेटल्यावर सांगते म्हणाली." अपेक्षानं कप खाली ठेवला. "मॅडम, ती मेली असेल तर मेली म्हणा. पण मला सोडून ती कुणा पोराबरोबर गेली, हा घास आठ वर्षं घशात अडकलाय. तेवढं शोधा. दुसरं काही नको मला."

ती गेल्यावर नीलिमानं कप उचलले. "दुसऱ्याला म्हणायचं तोंडानं सांग. आणि मी कोण? मावसबहीण!"

उत्कर्षानं तिच्या हातातले कप घेतले आणि विसळायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती विट्याजवळच्या त्या गावात पोचली. ओसरीवर अंजनाचे वडील भाऊसो बसले होते, थकलेले. इंद्रजित धावत पुढं आला. एका कार्यकर्त्यानं मोबाईल धरला तसं याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "माझी अंजू शोधून द्या मॅडम!" मोबाईल खाली गेला तसं पाणीही थांबलं.

"नीट आलं का रं?" त्यानं कार्यकर्त्याला विचारलं.

"चहा घ्या मॅडम. लग्न झालंय का तुमचं? नाही? अरेरे. बाईच्या जातीला घर पाहिजे हो!"

"बहिणीचा फोन कुठून आला होता?"

"बंगळूरहून. सुखात आहे म्हणाली."

"मग परत ये म्हणून बॅनर कशाला?"

इंद्रजित हसला. "माया हो. माया सुटते का?"

उत्कर्षा चहा न घेताच उठली आणि भाऊसोंबरोबर मागच्या रानात गेली. सगळीकडे द्राक्षबाग, आणि मधेच एक तुकडा पड. कमरेएवढं गवत माजलेलं.

"आबा, हा का पडीक ठेवलाय?"

"काय सांगू बाय! लय ताकदीचा तुकडा हाय. अंजी गेली त्या साली खतासाठी रातभर मेंढ्या बसवल्या हुत्या हितं. लेंडीखताचा थर पडलाय. पर इंद्रजित नांगुर लावू देत न्हाई. बंगला बांधायचा म्हनतो."

"मेंढ्या तुम्ही बसवल्या?"

"न्हाई बा. जत्रंच्या आदल्या दिसापास्नं मी देवळातच हुतो, पालखीचा मान असतोय आमचा. आमच्या बिरदेव धनगरानं बसवल्या असतील आपनहून."

उत्कर्षाचं बालपण मेंढरांमागं गेलेलं. ती थबकली. तडक बिरदेवच्या वस्तीवर गेली.

"बिरदेवमामा, भाऊसोंच्या तुकड्यात मेंढरं बसवली तवा कुणाला विचारून बसवली?"

"आवं, बिनबोलावता कुनाच्या रानात बसतोय व्हय आमी? मालक आला, नारळ फोडला, जुंधळं दिलं आन् वाघूर हितंच लाव म्हनला."

वाघूर म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी. "हितंच म्हणजे?"

"बांधाच्या कोपऱ्याला. मी म्हनलं, हितं माती भुसभुशीत हाय, मेखा टिकायच्या न्हाईत. पर ऐकंना गडी."

"कवा?"

"जत्रंच्या आदल्या सांजंला. दुसऱ्या दिशी मेंढरं देवाला न्यायची हुती, म्हनून ध्येनात हाय."

"मालक म्हणजे कोण?"

बिरदेवनं नाव घेतलं. उत्कर्षा जीपकडे निघाली.

रीतसर परवानगी हातात आली तशी त्या तुकड्यात कुदळी पडायला लागल्या. तहसीलदार, पंच, डॉक्टर, सगळे हजर. इंद्रजितही कार्यकर्ते घेऊन आला. थोड्या वेळानं मजूर थांबला. मातीत हाडं होती.

भाऊसो मटकन खाली बसले.

"आबा, घर बांधायच्या जागेला लेंडीखत कोण घालतं?" उत्कर्षा म्हणाली. "आणि खत घातलेलं रान इतकी वर्षं पडीक कोण ठेवतं? दोन्हीतलं एक खोटं होतं. मेंढ्या खतासाठी बसवल्याच नव्हत्या. ताजी उकरलेली माती रातोरात तुडवली जावी, वर लेंड्यांचा थर बसावा, म्हणून बसवल्या."

"बिरदेवनं मारलं व्हय माज्या पोरीला?"

"नाही आबा. धनगर आपणहून कुणाच्या रानात मेंढरं बसवत नाही. मालक येऊन जागा दाखवतो, नारळ फोडतो. तुम्ही देवळात होता, सगळ्या गावानं पाहिलंय. मग नारळ कुणी फोडला? जो कोइमतूरला होता असं आपण सगळे समजत होतो, त्यानं. हा आदल्या दिवशीच गुपचूप आला होता. जत्रेच्या गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि बिरदेवला कुणी विचारलंच नाही. अंजनानं आपलं गुपित घरात एकाच माणसाला सांगितलं होतं. भावाला. तो म्हणाला, मी तुला गाडीला बसवून देतो."

"आरं, तुला राखी बांधत हुती रं ती!" भाऊसो ओरडले.

इंद्रजित तोंड लपवेल असं वाटलं होतं. कुठलं काय! त्यानं सदरा सारखा केला. "घराण्याचं नाव वाचवलं मी. पोरीवर पोरगी? ऐकतानाच मला किळस आली."

"मला तुझी येतेय," उत्कर्षा म्हणाली. "बहिणीला पुरलंस, आणि तिच्याच नावानं मतं मागतोस!"

"तुमच्यासारख्या बिनलग्नाच्या बाईला घर काय कळणार?"

"घाला बेड्या," उत्कर्षा हवालदाराला म्हणाली. याच्याशी आणखी एक शब्द बोलायचीही तिला शिसारी आली होती. कार्यकर्ते तोवर पांगलेही होते.

बांधावर गलका झाला. नीलिमा साताऱ्याहून अपेक्षाला घेऊन आली होती आणि शिपाई दोघींना अडवत होता. "फक्त घरच्यांना सोडायचंय, मॅडम."

"ही अंजनाच्या घरची आहे. सोड तिला."

"आणि ह्या कोण?"

नीलिमा खाली बघायला लागली. तिला उत्तर पाठ होतं.

"माझी बायको," उत्कर्षा म्हणाली. "माझ्या घरची. तिलाही सोड."

शिपायानं एकदा मॅडमकडे, एकदा तहसीलदारांकडे पाहिलं आणि बाजूला झाला. नीलिमानं डोळे पुसले.

खड्ड्यातून आता एक बॅग निघाली होती. डॉक्टरांनी चेन ओढली. दोन ड्रेस, चपला, आणि प्लास्टिकच्या पिशवीत डबल बेडची चादर. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"ही आम्ही सांगलीत घेतली होती," अपेक्षा म्हणाली. "आपली खोली झाली की अंथरायची म्हणून तिनं जपून ठेवली होती." ती बांधावरच बसली. नीलिमानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे ती येत होती ना, मॅडम?"

"तुझ्याकडेच येत होती," उत्कर्षा म्हणाली, आणि तीही तिच्याशेजारी मातीत बसली.